व्यावसायिक कुस्तीतील पे-पर-व्ह्यू

पे-पर-व्ह्यू म्हणजे दूरचित्रवाणीवरील एखादा विशिष्ट कार्यक्रम पाहण्यासाठी प्रेक्षकाने केवळ त्या कार्यक्रमापुरते स्वतंत्र शुल्क भरण्याची पद्धत होय. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीच्या अर्थकारणाचा ही पद्धत १९८५ पासून सुमारे तीन दशके कणा होती. मुष्टियुद्धातही ती रूढ आहे. परंतु दोहोंत एक मूलभूत फरक आहे. मुष्टियुद्धात आयोजक अनिश्चित निकालाची लढत विकतो. व्यावसायिक कुस्तीत लढतींचे निकाल आधी ठरलेले असतात, म्हणजे मराठीत जिला 'नुरा कुस्ती' म्हणतात तिचाच हा उघडपणे मान्य केलेला प्रकार आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीने १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर आपला खेळ हा स्पर्धा नसून करमणूक असल्याचे स्वतःच सांगितले होते. क्रीडा नियामक मंडळाचे नियंत्रण व कर टाळणे हा त्यामागील हेतू होता. निकाल ठरलेला असताना प्रेक्षकाने पैसे कशासाठी मोजावेत, या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच या व्यवसायातील प्रसिद्धीचे तंत्र. दर आठवड्याला विनामूल्य दिसणाऱ्या कार्यक्रमांतून वैर वाढवत न्यायचे आणि त्याचा शेवट मात्र पैसे भरणाऱ्यालाच दाखवायचा, हे त्याचे सूत्र आहे.

तांत्रिक व आर्थिक रचना

पे-पर-व्ह्यूसाठी केबल कंपनीकडे ग्राहकाच्या घरातील संचापर्यंत स्वतंत्रपणे संदेश पोहोचवण्याची सोय असावी लागते. कार्यक्रमाचे प्रक्षेपण सर्वत्र विस्कळित स्वरूपात जाते आणि ज्याने मागणी नोंदवली त्याच्याच संचावर ते स्पष्ट होते. सुरुवातीच्या काळात मागणी दूरध्वनीवरून नोंदवली जाई. पुढे ती दूरनियंत्रकाचे बटण दाबून नोंदवता येऊ लागली. पैसे महिन्याच्या केबल देयकात जमा होत.

जमा रक्कम कुस्ती कंपनी, वितरक आणि केबल कंपनी यांच्यात वाटली जाई. कुस्ती कंपनीच्या वाट्याला ढोबळमानाने निम्मी रक्कम येत असे. समजा, ३० डॉलर शुल्काचा कार्यक्रम ४ लाख घरांनी विकत घेतला, तर एकूण १ कोटी २० लाख डॉलर जमा होतात आणि त्यांपैकी सुमारे ६० लाख डॉलर आयोजकाला मिळतात. प्रत्यक्ष सभागृहात कितीही गर्दी झाली, तरी एका रात्रीत तिकीटविक्रीतून एवढी रक्कम उभी राहणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते.

विक्री मोजण्याची दोन परिमाणे आहेत. पहिले म्हणजे प्रत्यक्ष खरेदीची संख्या. दुसरे 'बाय-रेट', म्हणजे ही सेवा उपलब्ध असलेल्या दर शंभर घरांपैकी किती घरांनी कार्यक्रम घेतला त्याचे प्रमाण. जुन्या आकड्यांची तुलना करताना येथे सावधगिरी बाळगावी लागते. सेवा असलेल्या घरांची संख्या वर्षानुवर्षे वाढत गेली. त्यामुळे १९८७ मधील १ टक्का आणि १९९९ मधील १ टक्का यांतून निघणारी खरेदी सारखी नाही. शिवाय एका खरेदीमागे प्रेक्षक एकच असतो असे नाही. मित्रांनी वर्गणी काढून एका घरी जमणे ही अमेरिकेत सर्रास आढळणारी रीत होती.

उगम

पे-पर-व्ह्यूच्या आधी 'क्लोज्ड सर्किट' प्रक्षेपणाची पद्धत होती. त्यात दूरच्या ठिकाणची लढत चित्रपटगृहात किंवा सभागृहात पडद्यावर दाखवून तिकिटे विकली जात. २६ जून १९७६ रोजी टोकियोत मुष्टियोद्धा मुहम्मद अली आणि जपानी मल्ल अँटोनियो इनोकी यांच्यात झालेला सामना अमेरिकेत अशाच रीतीने दाखवला गेला. २४ नोव्हेंबर १९८३ रोजी जिम क्रॉकेट यांच्या कंपनीने उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे 'स्टारकेड' भरवले. हार्ली रेस आणि रिक फ्लेअर यांच्यातील विजेतेपदाची लढत त्यात मुख्य होती आणि आसपासच्या राज्यांत ती पडद्यावर दाखवण्यात आली.

व्हिन्स मॅकमॅहन यांनी १९८२ मध्ये वडिलांकडून विकत घेतलेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफने ३१ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला 'रेसलमेनिया' घडवून आणला. मुख्य लढतीत हल्क होगन आणि अभिनेते मिस्टर टी विरुद्ध रॉडी पायपर आणि पॉल ऑर्नडॉर्फ अशी जोडी होती. स्वतः मुहम्मद अली पंचांपैकी एक होते आणि गायिका सिंडी लॉपर उपस्थित होत्या. कुस्तीशी संबंध नसलेल्या प्रसिद्ध व्यक्तींना आणून वृत्तपत्रांचे लक्ष वेधण्याची युक्ती येथून रुजली. हा कार्यक्रमही प्रामुख्याने क्लोज्ड सर्किटवरच दाखवला गेला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी इलिनॉय राज्यातील रोझमाँट येथे झालेला 'द रेसलिंग क्लासिक' हा डब्ल्यूडब्ल्यूएफचा पहिला पे-पर-व्ह्यू मानला जातो.

या पद्धतीचे सामर्थ्य दिसले ते तिसऱ्या रेसलमेनियात. २९ मार्च १९८७ रोजी मिशिगनमधील पाँटियाक सिल्व्हरडोम येथे होगन आणि आंद्रे द जायंट यांची लढत झाली. कंपनीने जाहीर केलेला ९३,१७३ प्रेक्षकांचा आकडा वादग्रस्त असून, प्रत्यक्ष उपस्थिती ७८,००० च्या आसपास असल्याचे मत मांडले गेले आहे. या लढतीची पूर्वतयारी अभ्यासण्याजोगी आहे. आंद्रे हे तोवर होगन यांचे मित्र म्हणून परिचित होते. व्यवस्थापक बॉबी हीनन यांच्यासोबत ते दूरचित्रवाणीवर आले, त्यांनी होगन यांना आव्हान दिले आणि त्यांचा सदरा व गळ्यातील क्रूस ओढून तोडला. मैत्रीचा भंग हे कोणालाही कळणारे कारण होते. त्यानंतरच्या आठवड्यांत आंद्रे पंधरा वर्षे अपराजित आहेत आणि त्यांना कोणीही उचलून आपटलेले नाही, असे वारंवार सांगण्यात आले. या दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या. खुद्द होगन यांनी १९८० मध्ये आंद्रे यांना उचलून आपटले होते. मात्र तेव्हा अमेरिकेतील कुस्ती प्रांतोप्रांती विभागलेली असल्याने बहुसंख्य प्रेक्षकांनी ते पाहिले नव्हते आणि ज्यांनी पाहिले होते त्यांनी ते मनावर घेतले नाही.

केबल कंपन्यांवरील दबाव, १९८७-८८

विक्रीची लढाई केवळ प्रेक्षकांसमोर झाली नाही. १९८७ मध्ये क्रॉकेट यांनी आपला स्टारकेड प्रथमच पे-पर-व्ह्यूवर आणण्याचे ठरवले व त्यासाठी २६ नोव्हेंबर, म्हणजे अमेरिकेतील थँक्सगिव्हिंगचा सण निवडला. डब्ल्यूडब्ल्यूएफने त्याच दिवशी 'सर्व्हायव्हर सीरीज' हा नवा कार्यक्रम जाहीर केला आणि केबल कंपन्यांना बजावले की, जी कंपनी स्टारकेड दाखवील तिला पुढील रेसलमेनिया मिळणार नाही. आदल्या रेसलमेनियाची कमाई ताजी असल्यामुळे बहुतेकांनी डब्ल्यूडब्ल्यूएफची बाजू घेतली. स्टारकेड मोजक्याच केबल यंत्रणांवर दिसला.

दोन महिन्यांनी, २४ जानेवारी १९८८ रोजी, क्रॉकेट यांच्या 'बंकहाउस स्टँपीड' या पे-पर-व्ह्यूच्या वेळीच डब्ल्यूडब्ल्यूएफने 'रॉयल रंबल' यूएसए नेटवर्कवर विनामूल्य दाखवला. क्रॉकेट यांनी त्याची परतफेड २७ मार्च रोजी केली. त्यांनी चौथ्या रेसलमेनियाच्या वेळी 'क्लॅश ऑफ द चँपियन्स' हा कार्यक्रम टीबीएस वाहिनीवर फुकट दाखवला आणि त्यात फ्लेअर व स्टिंग यांची बरोबरीत सुटलेली दीर्घ लढत गाजली. विकत घ्यायच्या वस्तूसमोर फुकटची वस्तू ठेवण्याचा हा डाव दोघांनाही चांगला कळला होता. पण तो परवडण्याइतके भांडवल एकाकडेच होते. १९८८ संपण्यापूर्वी क्रॉकेट यांना आपला व्यवसाय टेड टर्नर यांच्या कंपनीस विकावा लागला व त्यातून पुढे डब्ल्यूसीडब्ल्यू ही संस्था उभी राहिली.

प्रसिद्धीचे तंत्र

पे-पर-व्ह्यूच्या प्रसिद्धीत मुख्य काम 'प्रोमो' नावाच्या भाषणाचे असते. मल्ल ध्वनिक्षेपक हाती घेऊन प्रतिस्पर्ध्याला आव्हान देतो, आपले कारण सांगतो आणि लढतीचा दिवस व ठिकाण प्रेक्षकांच्या मनावर ठसवतो. शरीरयष्टी आणि डावपेच यांइतकेच वक्तृत्व या व्यवसायात मोलाचे ठरले ते यामुळेच. स्वतः बोलू न शकणाऱ्या मल्लासाठी हीनन यांच्यासारखा वाक्पटू व्यवस्थापक नेमला जाई. महाराष्ट्रातील कुस्तीच्या मैदानातही मोठ्या इनामाची जोड शेवटी ठेवतात व तिची जाहिरात आधी करतात. मात्र तेथे मल्लाने बोलून दाखवण्याची अपेक्षा नसते, त्याच्या नावाची आणि तालमीची ख्याती पुरेशी असते.

कथानकाची रचना कार्यक्रमाच्या दिवसापासून उलटी मोजली जाते. प्रारंभी वैराचे कारण घडवले जाते. मधल्या आठवड्यांत दोन्ही मल्ल समोरासमोर येतात, पण त्यांची खरी लढत होऊ दिली जात नाही. कोणीतरी मध्ये पडतो, एकजण दुखापतीचा आव आणतो किंवा दोघांना वेगवेगळ्या जोडीदारांसह सांघिक लढतीत उतरवले जाते. शेवटच्या आठवड्यातील कार्यक्रमात बहुधा खलमल्ल वरचढ दाखवला जातो, म्हणजे त्याचे पारिपत्य पाहण्याची इच्छा प्रेक्षकाच्या मनात उरते. प्रत्यक्ष दिवशी सशुल्क भाग सुरू होण्यापूर्वी अर्धा तास विनामूल्य कार्यक्रम दाखवून अखेरची गिऱ्हाइके ओढली जातात.

या सर्व रचनेचा पाया विश्वास हा आहे. दिलेले वचन सशुल्क कार्यक्रमात पाळले जाईल, ही प्रेक्षकाची खात्री टिकली तरच तो पुढच्या वेळी पैसे देतो. डब्ल्यूसीडब्ल्यूचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९९६ च्या जुलैमध्ये होगन खलमल्ल झाले आणि त्यानंतर वर्षाहून अधिक काळ स्टिंग या मल्लाला छतावरून मूकपणे पाहत राहणाऱ्या सूडकऱ्याच्या रूपात दाखवले गेले. त्या काळात त्याची एकही लढत झाली नाही. २८ डिसेंबर १९९७ च्या स्टारकेडमध्ये तो होगन यांच्यासमोर उभा राहिला आणि हा कार्यक्रम त्या कंपनीचा सर्वाधिक खपलेला पे-पर-व्ह्यू ठरला. लढतीचा शेवट मात्र फसला. पंचाने अन्यायाने घाईघाईत गणती करणे अपेक्षित होते. ती नेहमीच्या गतीने झाली आणि स्टिंग सरळसरळ हरल्याचे दिसले. त्यानंतर लढत पुन्हा सुरू करून त्याला विजेता ठरवण्यात आले. सव्वा वर्षाच्या प्रतीक्षेचे फळ असे संदिग्ध मिळाल्याची टीका आजही होते.

पुढच्याच वर्षी, ६ जुलै १९९८ रोजी, या कंपनीने तोवर अपराजित असलेल्या गोल्डबर्ग यांचा होगन यांच्यावरील विजय अटलांटातील जॉर्जिया डोममधून आपल्या 'नायट्रो' या साप्ताहिक कार्यक्रमात विनामूल्य दाखवला. जाहिरात जेमतेम काही दिवसांची होती. त्या रात्री प्रेक्षकसंख्येत प्रतिस्पर्ध्यावर मात झाली, पण लक्षावधी घरांनी विकत घेतली असती अशी लढत एका सोमवारच्या आकड्यासाठी खर्च झाली. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरचा 'हॅलोवीन हॅव्हॉक' ठरलेल्या तीन तासांपेक्षा लांबला आणि अनेक घरांत मुख्य लढतीपूर्वीच प्रक्षेपण खंडित झाले. कंपनीला दुसऱ्या दिवशी ती संपूर्ण लढत फुकट दाखवावी लागली, म्हणजे ज्यांनी पैसे भरले त्यांनाही तेच मिळाले आणि ज्यांनी भरले नाहीत त्यांनाही. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू मॅकमॅहन यांनी विकत घेतली. तिच्या ऱ्हासास इतरही कारणे होती, तरी सशुल्क कार्यक्रमांवरील उडालेला विश्वास हे त्यांतील दुर्लक्षिण्याजोगे कारण नव्हे.

उत्कर्षाचा काळ

डब्ल्यूडब्ल्यूएफचे रेसलमेनिया, समरस्लॅम, सर्व्हायव्हर सीरीज आणि रॉयल रंबल हे चार वार्षिक कार्यक्रम १९८० च्या दशकाअखेर स्थिर झाले. १९९३ पासून 'किंग ऑफ द रिंग' हा पाचवा कार्यक्रमही पे-पर-व्ह्यूवर आला. मे १९९५ मध्ये 'इन युवर हाउस' ही दोन तासांची स्वस्त मालिका १४.९५ डॉलर दराने सुरू झाली. पहिल्या भागात फ्लोरिडातील ऑर्लँडो येथील एक खरेखुरे घर सोडतीत बक्षीस देण्यात आले. दशकाच्या उत्तरार्धात जवळजवळ दरमहा एक सशुल्क कार्यक्रम होऊ लागला आणि वैर पिकायला लागणारा अवधी त्या मानाने आखडला.

मुष्टियुद्धातून तेव्हा निलंबित असलेल्या माइक टायसन यांना १९९८ च्या चौदाव्या रेसलमेनियात पंचगिरीसाठी आणणे हा डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पुनरुत्थानाचा टप्पा मानला जातो. जानेवारीत स्टीव्ह ऑस्टिन आणि टायसन यांच्यात दूरचित्रवाणीवर झालेल्या धक्काबुक्कीची दखल सर्वसाधारण वृत्तमाध्यमांनीही घेतली. १ एप्रिल २००१ रोजी ह्यूस्टन येथील सतराव्या रेसलमेनियाने दहा लाख खरेदीचा टप्पा ओलांडला. १ एप्रिल २०१२ रोजी मायामीत झालेली द रॉक आणि जॉन सीना यांची लढत वर्षभर आधी जाहीर करण्यात आली होती व 'आयुष्यात एकदाच' या शब्दांत तिची जाहिरात झाली. खरेदी १२ लाखांवर गेली. पुढच्या वर्षीच्या रेसलमेनियात हीच लढत पुन्हा ठेवण्यात आली. प्रेक्षकांनी तीही दहा लाखांहून अधिक संख्येने विकत घेतली.

मल्लांचा मोबदला आणि धोका

अमेरिकी कंपन्यांनी मल्लांना कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानले आहे. पे-पर-व्ह्यूच्या उत्पन्नातील मल्लाचा वाटा त्याचे यादीतील स्थान आणि कंपनीचा निर्णय यांवर अवलंबून असे. त्याचे सूत्र जाहीर नव्हते. माजी मल्ल व समालोचक जेसी व्हेंचुरा यांनी आपला आवाज असलेल्या चित्रफितींच्या स्वामित्वधनासाठी कंपनीवर दावा लावला व १९९४ मध्ये ज्यूरीने त्यांना सुमारे ८ लाख १० हजार डॉलर मंजूर केले. हेच व्हेंचुरा पुढे मिनेसोटा राज्याचे गव्हर्नर झाले. मल्लांची संघटना उभारण्याचे त्यांचे प्रयत्न मात्र फळाला आले नाहीत.

कार्यक्रम अधिकाधिक नेत्रदीपक करण्याच्या चढाओढीची किंमत २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत दिसली. 'ओव्हर द एज' या पे-पर-व्ह्यूत ओवेन हार्ट यांनी छतावरून दोरीने आखाड्यात उतरायचे होते. बंध सुटून ते सुमारे ७८ फुटांवरून कोसळले व मरण पावले. तेव्हा घरच्या पडद्यावर ध्वनिचित्रफीत चालू असल्याने पडण्याचे दृश्य प्रक्षेपित झाले नाही. समालोचक जिम रॉस यांनी कार्यक्रम चालू असतानाच घरच्या प्रेक्षकांना मृत्यूची वार्ता दिली; सभागृहातील प्रेक्षकांना ती सांगण्यात आली नाही आणि उरलेल्या लढती पार पडल्या. सशुल्क कार्यक्रम थांबवायला हवा होता की नाही, यावर तेव्हापासून चर्चा होत आली आहे. थांबवायला हवा होता, याच्या विरोधात पटण्याजोगा युक्तिवाद आजवर पुढे आलेला नाही. हार्ट कुटुंबाचा दावा २००० मध्ये १ कोटी ८० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला.

वर्गणी पद्धतीकडे संक्रमण

२००२ पासून डब्ल्यूडब्ल्यूई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने २४ फेब्रुवारी २०१४ रोजी 'डब्ल्यूडब्ल्यूई नेटवर्क' ही आंतरजालावरील वाहिनी सुरू केली. मासिक वर्गणी ९.९९ डॉलर होती व तीत सर्व पे-पर-व्ह्यू समाविष्ट होते. त्या सुमारास एकट्या रेसलमेनियाचे शुल्क सुमारे ६० डॉलर होते. ६ एप्रिल २०१४ च्या तिसाव्या रेसलमेनियात अंडरटेकर यांची त्या व्यासपीठावरील सलग २१ विजयांची मालिका ब्रॉक लेस्नर यांनी खंडित केली आणि दुसऱ्या दिवशी कंपनीने ६,६७,२८७ वर्गणीदार जाहीर केले.

या बदलाने विक्रीचे स्वरूप पालटले. एका लढतीने किती घरे खेचली हे पूर्वी आकड्यांत मोजता येई. वर्गणीदार लढतीसाठी आला की सवयीने, हे सांगणे कठीण झाले. मल्लाच्या मोबदल्याला खरेदीच्या संख्येशी जोडणारा धागाही त्यामुळे सैल झाला. अमेरिकेत ही वाहिनी मार्च २०२१ मध्ये पीकॉक या सेवेत विलीन झाली आणि कंपनीने पे-पर-व्ह्यूऐवजी 'प्रीमियम लाइव्ह इव्हेंट' हा शब्दप्रयोग स्वीकारला. याउलट २०१९ मध्ये स्थापन झालेल्या एईडब्ल्यूने २५ मे २०१९ च्या 'डबल ऑर नथिंग'पासून प्रत्येक मोठा कार्यक्रम स्वतंत्रपणे विकण्याची जुनी पद्धत चालू ठेवली आहे.

भारतातील प्रक्षेपण

भारतात व्यावसायिक कुस्तीचा प्रेक्षकवर्ग मोठा असूनही तिच्यासाठी पे-पर-व्ह्यू पद्धत रुजली नाही. टेन स्पोर्ट्स आणि नंतर सोनीच्या क्रीडावाहिन्यांनी रेसलमेनियासह सर्व प्रमुख कार्यक्रम नेहमीच्या केबल वर्गणीतच दाखवले. अमेरिकेत रविवारी सायंकाळी होणारा कार्यक्रम भारतात सोमवारी पहाटे येत असल्याने बहुतेक शालेय प्रेक्षक त्याचे पुनःप्रक्षेपणच पाहत. वैर वाढवत नेऊन शेवट विकत घ्यायला लावण्याचा जो खटाटोप अमेरिकी घरांसाठी केला जाई, तो येथील प्रेक्षकांना केवळ कथानक म्हणून दिसला. मध्येच मुख्य लढत का टाळली जाते, याचे आर्थिक कारण त्यांच्या अनुभवात नव्हते. एप्रिल २०२५ पासून डब्ल्यूडब्ल्यूईचे साप्ताहिक व प्रमुख कार्यक्रम भारतात नेटफ्लिक्सवर, त्या सेवेच्या सर्वसाधारण वर्गणीत, उपलब्ध आहेत.